मुंबई मेट्रो मार्गिका 3

मुंबईच्या दक्षिण टोकावरील कफ परेड आणि पश्चिम उपनगरातील आरे यांना जोडणारी मेट्रो मार्गिका. तिचे नियोजन ‘कुलाबा–वांद्रे–सीप्झ मार्गिका’ या नावाने झाले. ‘अ‍ॅक्वा लाइन’ या नावानेही ती ओळखली जाते. तिची लांबी सुमारे 33.5 किमी. असून तिच्यावर 27 स्थानके आहेत. आरे हे एकच स्थानक जमिनीवर असून उरलेली 26 स्थानके भूमिगत आहेत. शहरातील ही पहिली भुयारी मेट्रो होय. बांधकामाची कंत्राटे 2016 मध्ये देण्यात आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

आखणी : मुंबईची उपनगरीय रेल्वे मुख्यतः उत्तर–दक्षिण धावते. नरीमन पॉइंट, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, अंधेरीची औद्योगिक वसाहत आणि सीप्झ ही रोजगाराची मोठी ठिकाणे तिच्या रुळांपासून दूर राहिली. तेथे काम करणाऱ्यांना लोकलमधून उतरून बस, रिक्षा किंवा शेअर टॅक्सी गाठावी लागे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 2004 मध्ये मेट्रोचा बृहत् आराखडा तयार केला. त्यातील कुलाबा–वांद्रे मार्ग पुढे विमानतळ आणि सीप्झपर्यंत वाढवण्यात आला. काळबादेवी-गिरगावसारख्या भागात इमारती रस्त्याला भिडलेल्या असून उन्नत मार्गाचे खांब उभारण्याजोगी जागा तेथे नव्हती. त्यामुळे ही मार्गिका जमिनीखालून नेण्याचे ठरले.

राज्य मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2012 मध्ये आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2013 मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली. त्या वेळचा अंदाजित खर्च 23,136 कोटी रुपये होता. उभारणीची जबाबदारी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन या कंपनीकडे आली. तिच्यात केंद्र व राज्य सरकारचा प्रत्येकी निम्मा वाटा आहे. निधीचा मोठा हिस्सा जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था, म्हणजे ‘जायका’, हिच्या कर्जातून उभा राहिला.

भुयारीकरण : स्थापत्यकाम सात भागांत विभागून 2016 मध्ये देशी आणि परदेशी कंपन्यांच्या संयुक्त गटांना देण्यात आले. भुयार खोदण्यासाठी 17 टीबीएम (टनेल बोअरिंग मशीन) यंत्रे आणण्यात आली. कृष्णा, गोदावरी, वैनगंगा, तापी, वैतरणा, तानसा, सूर्या अशी महाराष्ट्रातील नद्यांची नावे त्यांना देण्यात आली. पहिले यंत्र 2017 मध्ये माहीमच्या नयानगर येथील विवरात उतरवले गेले.

टीबीएमचे तोंड म्हणजे पोलादी पाती जडवलेली एक प्रचंड फिरती चकती. ती खडक कुरतडत पुढे सरकते आणि निघालेला राडारोडा मागे वाहून नेला जातो. यंत्राच्या शेपटाकडे, आधीच ओतून आणलेले काँक्रीटचे वक्र तुकडे एकमेकांना जोडून पूर्ण कडे बसवले जाते. नंतर याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढचा खडक फोडू लागते. खोदाई आणि अस्तर अशा रीतीने बरोबरीनेच होत असल्याने माथ्यावरची जमीन खचण्याचा धोका कमी राहतो. मुंबईच्या भूगर्भात बेसाल्ट, ब्रेशिया आणि टफ असे वेगवेगळ्या कठिणपणाचे खडक आहेत. दक्षिणेकडे समुद्र बुजवून केलेली भराव जमीन आहे आणि पाण्याचा झिरपाही आहे. वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी यांच्या दरम्यान भुयार मिठी नदीच्या खालून जाते.

बहुतेक स्थानके रस्ता वरून उघडून बांधण्यात आली. त्यासाठी रस्त्याचा अर्धा भाग पत्र्यांनी घेरला जाई किंवा खड्ड्यावर पोलादी तक्तपोशी टाकून वाहतूक वरून चालू ठेवली जाई. काळबादेवी, गिरगाव आणि ग्रँट रोड येथे तेवढी रुंदी नव्हती. तेथे फलाटांचा भाग नव ऑस्ट्रियन पद्धतीने, म्हणजे थोडा थोडा खडक काढून लगेच आधार देत, पोखरण्यात आला. पहिले भुयार सप्टेंबर 2018 मध्ये विमानतळाजवळ आरपार झाले. शेवटचे, बेचाळिसावे, 30 नोव्हेंबर 2022 रोजी महालक्ष्मी येथे पूर्ण झाले.

पुनर्वसन व न्यायालयीन वाद : गिरगाव-काळबादेवीतील जुन्या चाळी आणि इमारती स्थानकांच्या जागेत येत असल्याचे कळताच 2015 मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या मराठी, गुजराती आणि मारवाडी कुटुंबांची मागणी एकच होती : घर त्याच परिसरात मिळावे. ती मान्य होऊन स्थानकांलगत नव्या इमारती उभारून तेथेच पुनर्वसन करण्याचे ठरले. कुटुंबांना दरम्यानची वर्षे मात्र अन्यत्र काढावी लागली.

प्रिन्सेस स्ट्रीट परिसरातील दोन पारशी अग्निमंदिरांच्या आवारानजीक भुयार जात असल्याने पारशी समाजातील काहींनी 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने आधी तेथील काम थांबवले आणि त्याच वर्षी अटी घालून ते पुढे नेण्यास मुभा दिली. दादाभाई नौरोजी मार्गावरील जे. एन. पेटिट वाचनालयाच्या वारसा इमारतीला धोका असल्याची तक्रारही न्यायालयात गेली. दक्षिण मुंबईत रात्रीच्या कामाच्या आवाजावरून 2017 मध्ये रात्रपाळीवर बंदी आली होती.

आरे कारशेड : प्रकल्पातील सर्वांत तीव्र संघर्ष आरेतील कारशेडवरून झाला. गाड्या उभ्या करण्यासाठी आणि त्यांच्या देखभालीसाठी निवडलेली ही जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या, आदिवासी पाडे असलेल्या हरित पट्ट्यात होती. ‘आरे वाचवा’ या मोहिमेने पर्यायी जागेचा आग्रह धरला. वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट 2019 मध्ये 2,600 हून अधिक झाडे तोडण्यास किंवा पुनर्रोपित करण्यास परवानगी दिली. उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 रोजी विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. जमावबंदी लागू झाली, आंदोलकांना अटक झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे पडली होती.

नोव्हेंबर 2019 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडला स्थगिती दिली. ऑक्टोबर 2020 मध्ये ती कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली. पण तेथील जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद उद्भवला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ते काम रोखले. जुलै 2022 मध्ये सत्तांतरानंतर एकनाथ शिंदे यांच्या सरकारने स्थगिती उठवली व कारशेड आरेतच झाली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी 177 झाडांबाबत परवानगी देताना, आपल्याच आधीच्या आदेशातील 84 झाडांची मर्यादा ओलांडू पाहिल्याबद्दल कंपनीला 10 लाख रुपये दंड केला. लांबलेल्या कामामुळे अंतिम खर्च सुमारे 37,270 कोटी रुपयांवर पोहोचला.

गाड्या व वाहतूक : आठ डब्यांच्या 31 गाड्या अल्स्टॉम कंपनीने आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बांधल्या. पहिली गाडी ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत आली आणि त्याच महिन्यात आरेच्या सारिपुतनगर येथे तिची चाचणी झाली. मार्गिका तीन टप्प्यांत सुरू झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा 12.69 किमी.चा टप्पा 7 ऑक्टोबर 2024 पासून, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा 9.77 किमी.चा टप्पा 10 मे 2025 पासून आणि पुढे कफ परेडपर्यंतचा 10.99 किमी.चा टप्पा 9 ऑक्टोबर 2025 पासून प्रवाशांसाठी खुला झाला. 26 मे 2025 रोजी मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराची भिंत कोसळून आत पाणी शिरले आणि तेथील सेवा तात्पुरती थांबवावी लागली.

मरोळ नाका येथे मेट्रो मार्गिका 1 मिळते. चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ग्रँट रोड, महालक्ष्मी आणि दादर येथे प्रवाशांना उपनगरीय रेल्वेकडे वळता येते. मुंबई सेंट्रलजवळील स्थानकाला, भारतातील पहिल्या रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्यात आले आहे.