टपावरचा एसी आणि भिंतीवरचे ओघळ

मोटारहोमच्या भिंतीवर काळे ओघळ उतरतात ते ठरावीक जागी: खिडकीच्या कोपऱ्यांखाली, दिव्यांच्या चौकटीखाली आणि टपाची पन्हळ जिथे संपते तिथे. अमेरिकेत ही वाहने बाळगणारे लोक त्याचा दोष बहुतेकदा एसीच्या पाण्याला देतात. हा आरोप अर्धाच खरा आहे. एसीतून टपकणारे पाणी हवेतल्या वाफेचे बनते, त्यामुळे ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्याइतके क्षारहीन असते. डाग पाडण्याजोगे त्याच्यात स्वतःचे फारसे काही नसते. टपावर जे साचलेले असेल ते घेऊन ते खाली उतरते. म्हणून या डागांचा इतिहास पाहायचा तर यंत्राइतकेच टप आणि भिंती कशाच्या बनत गेल्या तेही पाहावे लागते.

एसीचा जन्म मुळात हवेतले पाणी काढण्यासाठीच झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. दमट दिवसांत तिथला कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागचे सरकत. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय आखला: हवा गार नळ्यांवरून खेळवायची आणि तिच्यातली वाफ तिथेच उतरवून घ्यायची. गारवा हा त्या वेळी जोडीने मिळालेला फायदा होता. उतरलेले पाणी कुठे सोडायचे, ही इमारतीत अडचण नसते. जवळ कुठेतरी गटार असतेच. चाकांवरच्या घराला गटार नाही, आणि पुढची सारी कटकट तिथून सुरू होते.

प्रवासातल्या पहिल्या थंडाव्याने मात्र पाणी दिले नाही, उलट घेतले. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या राज्यांतून जाणाऱ्या मोटारींना १९३० ते १९५० च्या दशकांत खिडकीबाहेर नळकांड्याच्या आकाराचा कूलर लटकवलेला दिसे. आत पाणी ओतायचे, गाडीच्या वेगाने हवा ओल्या पडद्यातून शिरे आणि गार होई. पाणी उडून जाई, मागे क्षारांचे पांढरे पापुद्रे राहत. ओढून न्यायच्या घरांतही प्रयोग चालले होते. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये क्लिपर हा रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा ट्रेलर आणला, त्यात कोरड्या बर्फावर चालणारी थंड हवेची सोय देऊ केली होती. कल्पना हौशी होती, पण टिकली नाही.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली आणि मोटार व घर एकाच चाशीवर बसवण्याला बाजार मिळाला. मिशिगनमधल्या ब्राउन सिटीत रेमंड फ्रँक यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉजच्या चाशीवर अशी वाहने विकायला काढली. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने १९६६ पासून ती कारखान्यात एकापाठोपाठ एक जोडून स्वस्त केली. याच काळात गाडीत जनरेटर बसू लागला, त्यामुळे रानात मुक्काम असतानाही एसी चालवणे शक्य झाले.

एसी टपावर चढला तो जागेच्या टंचाईने. आत फूटभर कपाटासाठी झटापट, तिथे यंत्राला कोपरा कोण देणार? टपावर हवा खेळण्यासाठी १४ इंच लांब-रुंद चौकोनी झरोका आधीच ठेवलेला असे. झरोक्याचे झाकण काढायचे, त्याच भोकावर एसी बसवायचा आणि खालून बोल्टने आवळायचा, अशी सोपी रीत पडली. कंदील आणि स्टोव्हमुळे नावारूपाला आलेल्या विचिटाच्या कोलमन कंपनीनेही असे एसी बनवले. १४ इंचांचे ते माप आजही कायम आहे, त्यामुळे एका कंपनीचा एसी काढून दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो.

रचनेत पाण्याचा विचार मात्र जेमतेमच झाला. कूलिंग कॉइलवर जमलेले थेंब तळाच्या ट्रेमध्ये पडतात, ट्रेच्या भोकांतून थेट टपावर येतात आणि उतार मिळेल तिकडे वाहतात. मुंबईच्या इमारतीत वरच्या विंडो एसीचे पाणी खालच्या गॅलरीत पडले तर भांडायला शेजारी तरी असतो. इथे वरचा आणि खालचा मजला एकाच मालकाचा.

हे पाणी किती, याचा अंदाज हिशेबाने येतो. टपावरच्या नेहमीच्या एसीची क्षमता ताशी १३,५०० बीटीयू, म्हणजे सुमारे ४ किलोवॉट असते. दमट हवेत त्यातली तीसेक टक्के ताकद वाफेचे पाणी करण्यात खर्ची पडली, तर तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी निघते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात एसी दिवसभर चालतो, म्हणजे टपावरून बादल्या ओतल्या जातात. ॲरिझोनाच्या वाळवंटात पावसाळी आठवडे सोडले तर तोच एसी जवळपास कोरडा राहतो. तिथे ओघळ दिसले तर दोष दुसरीकडे शोधावा.

आता टपाकडे. सुरुवातीचे पुष्कळ टप ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. पत्र्यावर धूळ बसे, सांध्यांतले सीलंट उन्हात तडकून सुटे आणि ते सारे ओघळांतून उतरे. पुढे भिंतींसाठी फायबरग्लास आले. नवे असताना त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो आणि डाग पुसताच निघतो. पण काही वर्षांच्या उन्हाने तो थर निस्तेज आणि सच्छिद्र होतो, मग मळ आत मुरतो. १९८० च्या दशकात ईपीडीएम या कृत्रिम रबराचे टप आले. सांधे कमी झाले, गळती कमी झाली, आणि डाग वाढले. हे रबर उन्हात झिजताना पृष्ठभागावर खडूसारखी पूड सोडते. बनवणाऱ्यांच्या लेखी ही झीज अपेक्षितच होती. एसीच्या पाण्यात ती पूड कालवली की पांढरे ओघळ, आणि तिच्यात धूळ, परागकण, डिझेलची काजळी मिसळली की काळे. धो धो पाऊस टप धुऊन काढतो. दव, रिमझिम आणि एसीची बारीक धार मळ जागचा हलवते, पण तो वाहून नेण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. शिवाय गाडी एकाच बाजूला किंचित कललेली उभी असेल तर धार रोज त्याच रेषेने उतरते.

बाहेरचे डाग दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. आतले तसे नाहीत. एसी आणि टप यांच्यामध्ये फोमचे गॅस्केट असते. बोल्ट सैल पडले, गॅस्केट बसून गेले किंवा ट्रेची भोके पानांनी, कुंभारमाशीच्या घरट्यांनी बुजली की पाणी झरोक्यातूनच आत येते. छतावर पिवळसर वर्तुळ उमटते, तोपर्यंत वरचे प्लायवुड कधीकधी मऊ पडलेले असते. बोल्ट जास्त आवळूनही भागत नाही. गॅस्केट चेपून निकामी होते.

उपाय हळूहळू आणि बहुतांशी मालकांच्या हातून रुळले. पन्हळीच्या टोकांना काही इंच पुढे येणारी प्लास्टिकची तोटी लावली की धार भिंतीपासून दूर पडते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय हाच. रबराच्या टपाला पेट्रोलियमयुक्त द्रावणे चालत नाहीत, रबर फुगते; सौम्य साबण आणि मऊ ब्रशच लागतो. टप घासण्याआधी भिंती ओल्या करून घेतात, म्हणजे उतरणारा मळ कोरड्या फायबरग्लासवर चिकटत नाही. भिंतीला मेण लावले की पुढचे ओघळ निदान पुसता येतात.

कारखान्यांनी दोन वाटा काढल्या. एक, ट्रेखालून नळी काढून ती भिंतीच्या आतून जमिनीपर्यंत सोडायची, किंवा छोट्या पंपाने पाणी हवे तिकडे ढकलायचे. दुसरी, एसीच टपावरून काढून गाडीच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात बसवायचा. विनेबागोने आपल्या काही मोठ्या गाड्यांत ही दुसरी रचना वापरली. पाणी सरळ जमिनीवर पडू लागले, पण कप्प्यातली जागा गेली, थंड हवा वर चढवायला लांब मार्ग लागले आणि दुरुस्ती अवघड झाली. बहुतेक गाड्यांचा एसी अजून टपावरच आहे.