मालाड ते अंधेरी : घुमणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त

ध्वनिमुद्रणात आवाज घुमू नये, ही मुंबईतली बोलपटाइतकीच जुनी काळजी आहे. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे चित्रण रेल्वेमार्गालगतच्या स्टुडिओत झाले, गाड्यांच्या खडखडाटामुळे ते रात्री उरकावे लागे. बाहेरचा गोंगाट रात्री थांबतो, भिंतींवरून परतणारा आवाज मात्र थांबत नाही. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली, तेव्हा बाहेरचा आवाज अडवणारी आणि आतला घुमू न देणारी चित्रीकरणाची दालने मुद्दाम बांधून घेतली. त्या काळी ही मोठीच दूरदृष्टी होती.

पुढे बाह्यचित्रण वाढले, कॅमेरे आवाज करणारे होते, म्हणून संवाद नंतर डब करण्याची रीत पडली. अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा भागात डबिंगच्या छोट्या, अस्तर लावलेल्या खोल्या थाटल्या गेल्या. संगणक स्वस्त झाल्यावर हेच काम घरात शिरले. अस्तर मात्र मागेच राहिले. दहा बाय दहाची खोली, गुळगुळीत लादी, समोरासमोर उघड्या भिंती, सरकत्या काचा. मधोमध टाळी वाजवली की मागोमाग बारीक झणझण ऐकू येते.

इथे नेहमी एक गल्लत होते: या झणझणीला प्रतिध्वनी म्हटले जाते. सुटा प्रतिध्वनी ऐकू यायला भिंत सुमारे १७ मीटरवर हवी, असे शाळेच्या पुस्तकातच असते. एवढ्याशा खोलीत तो येणार कुठून? तिथे असतो तो निनाद, म्हणजे भिंतींवरून पुन्हा पुन्हा परतून रेंगाळणारा आवाज. शब्द स्पष्टपणे दुसऱ्यांदा ऐकू आला, तर दोष संगणकाचा: स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, किंवा सॉफ्टवेअर तोच आवाज क्षणभर उशिरा परत सोडते. स्पीकर बंद करून हेडफोन लावावा, सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद करावे. दुसरा शब्द नाहीसा होतो.

निनादाला मऊ पृष्ठभागच लागतो. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवत हे मोजून दाखवले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आवाजाच्या कलाकारांना घरातूनच काम करावे लागले, तेव्हा उपनगरांतही तोच उपाय चालला: कपड्यांनी भरलेले कपाट, पाठीमागे टांगलेली रजई, खाली सतरंजी, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक. रजई चढे स्वर चांगले शोषते. खर्जातली घुमघुम मात्र तिला आवरत नाही, तिच्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर बसवावे लागतात.