सरकत्या मुठीची बंदूक

अमेरिकेतल्या गावोगावच्या गॅरेजांमध्ये आजोबांच्या जुन्या पंप ॲक्शन बंदुका पुन्हा उभ्या केल्या जातात. गंज उतरवायचा, दस्त्याला तेल पाजायचं, झिजलेली स्प्रिंग बदलायची, हे काम रविवारच्या दुपारी आवडीनं करणारे तिथे पुष्कळ आहेत. बंदूक रिकामी आहे ना, हे आधी ब्रीचमध्ये आणि मग मॅगझीनमध्ये पाहायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम फार थोडे पाळतात: अवजारं काढण्याआधी बंदुकीचं जन्मसाल शोधायचं. तिच्यात काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, हे तिच्या कुळावरून ठरतं.

या बंदुकीची रचना अशी. मुख्य नळीच्या खाली दुसरी, बारीक नळी असते, तीच मॅगझीन, आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली असतात. त्या नळीवर लाकडी मूठ पुढे-मागे सरकते. मूठ मागे ओढली की ब्रीच उघडून रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलली की नवं काडतूस मुख्य नळीच्या मागच्या टोकात, म्हणजे चेंबरमध्ये, चढतं आणि ब्रीच बंद होते. खांद्याला लावलेली बंदूक खाली घ्यावी लागत नाही, आणि सगळं बळ हाताचं असल्यानं काडतूस हलकं असो की भारी, यंत्रणेला फरक पडत नाही.

या कल्पनेचं पहिलं पेटंट १८५४ साली ब्रिटनमध्ये अलेक्झांडर बेन यांनी घेतलं, पण बाजारात तिचं काही झालं नाही. बाजारात चाललेली पहिली पंप बंदूक १८८२ ची. ती काढली ख्रिस्तोफर स्पेन्सर आणि सिल्व्हेस्टर रोपर यांनी. हे स्पेन्सर म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात गाजलेल्या स्पेन्सर रायफलचे कर्ते. कनेटिकट राज्यातल्या विंडसर इथला त्यांचा कारखाना मात्र तगला नाही. जुन्या लष्करी मालाचे न्यूयॉर्कचे व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन यांनी तो हक्कांसकट विकत घेतला.

इकडे युटा राज्यातल्या ऑग्डेनमध्ये जॉन मोझेस ब्राउनिंग विंचेस्टर कंपनीसाठी एकामागून एक बंदुका रचत होते. वडीलही बंदूककार, त्यामुळे धातूचं काम लहानपणापासून हातातलं. शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, पंपच योग्य, असं त्यांचं मत होतं. पण विंचेस्टरचं नाव लिव्हरच्या रायफलींवर उभं होतं, म्हणून कंपनीला शॉटगनही लिव्हरचीच हवी होती. ब्राउनिंग यांनी १८८७ ची लिव्हर शॉटगन करून दिली. त्यांच्या मनातली पंप बंदूक मॉडेल १८९३ म्हणून नंतर आली.

ती येताच बॅनरमन यांनी आपल्या पेटंटवर अतिक्रमण झाल्याचा दावा लावला. विंचेस्टरनं उत्तर शोधायला माणूस युरोपात धाडला आणि पेटंटच्या दप्तरांतून स्पेन्सरच्याही आधीचे पुरावे बाहेर आले. त्यांत बेन यांचा चाळीसेक वर्षांपूर्वीचा कागदही होता. अशा विस्मृतीत गेलेल्या आराखड्यांवरून कारखान्यात बंदुका घडवून त्या चालतात हे दाखवण्यात आलं. बॅनरमन हरले. ज्या कल्पनेनं आपल्या जनकाला काहीच मिळवून दिलं नाही, तिच्याच आधारावर पुढच्या सगळ्या पंप बंदुकांना रस्ता मोकळा झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मॉडेल १८९३ काळ्या दारूसाठी घडवलेलं होतं. त्याच काळात धूरविरहित दारू आली, तिचा दाब निराळा, आणि ती बंदूक त्याला पुरी पडेना. विंचेस्टरनं जुन्या बंदुका परत घेऊन त्यांच्या बदल्यात नवं, मजबूत मॉडेल १८९७ देऊ केलं. म्हणून आज कुणाच्या माळ्यावर १८९३ सापडली तर ती साफ करावी, तेल लावावं आणि भिंतीवर ठेवावी. ती उडवायची नाही.

तिचं चेंबर २ ५/८ इंचांचं; आजचं काडतूस २ ३/४ इंचांचं. सोळा बोरच्या सुरुवातीच्या १८९७ आणि तिच्या नंतरच्या मॉडेल १२ मध्येही चेंबर २ ९/१६ इंचच असतं. इथे घात असा की आजचं काडतूस त्या आखूड चेंबरमध्ये विनातक्रार बसतं, कारण छापलेली लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. बार उडताना दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. चेंबर बंदूककाराकडून मोजून घेतल्याशिवाय जुनी बंदूक उडवणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणेन.

१८९७ ची यंत्रणा उघडी, घोडा बाहेर दिसणारा. चाप दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली तर ब्रीच बंद होताक्षणी बार उडतो. म्हणून मूठ सरकवताना बोट चापाबाहेर हवं. पहिल्या महायुद्धात हिची आखूड, संगीन लावायची आवृत्ती खंदकांत गेली. नळी तापून हात भाजू नये म्हणून तिच्यावर छिद्रांचा पत्रा बसवला होता. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीनं या शस्त्रानं अनावश्यक यातना होतात असा निषेध नोंदवला आणि अमेरिकेनं तो फेटाळला. आज साध्या शिकारी १८९७ ला तो पत्रा लावून ‘ट्रेंच गन’ बनवण्याची हौस बोकाळली आहे. त्यात एक अस्सल वस्तू जाते आणि एक नक्कल तयार होते.

१९१२ साली टी. सी. जॉन्सन यांनी घोडा आत लपवलेलं मॉडेल १२ रचलं. अखंड पोलादातून कोरलेले भाग, नळी आणि बंदुकीचं धड जिथे जुळतं तिथे झीज भरून काढायला फिरवता येणारी कडी. शंभर वर्षांनीही ही बंदूक घट्ट करता येते ती या दूरदृष्टीमुळे. पण अशी कोरीव घडण पुढे परवडेना. रेमिंग्टननं १९५० मध्ये मॉडेल ८७० आणलं, त्याचे बरेच भाग साच्यात दाबून काढलेले, स्वस्त. मॅगझीनची टोपी फिरवून काढली की नळी हातात येते, दुसरी लावता येते. मॉडेल १२ च्या सुमारे वीस लाख बंदुका झाल्या, ८७० च्या एक कोटीहून अधिक. घरच्या घरी बंदूक ‘आपल्यासारखी’ करण्याची चाल खरी फोफावली ती या सुट्या नळीमुळे. नळी कापणाऱ्याला मात्र १९३४ पासून अमेरिकी कायद्याची १८ इंचांची मर्यादा आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हाच आहे.

जुन्या बंदुकीच्या मॅगझीनमध्ये कधी कधी लाकडी दांडी सापडते. ती कचरा समजून फेकू नये. बाजारात विकण्यासाठी बदकांची बेसुमार कत्तल झाली, त्यात या झटपट भरणाऱ्या बंदुकांचाही हात होता. १९३५ पासून स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत तीनच काडतुसांची मर्यादा आली, आणि ती पाळण्यासाठी ही दांडी घातली गेली.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान पॉलिश करणाऱ्या चाकानं होतं. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि ती परत येत नाहीत. दस्ता अक्रोडाचा, कारखान्यातून तो धातूच्या कडेपेक्षा केसभर वर ठेवलेला असे. कुणी सँडपेपर मारून तो खाली नेला की जाणकाराला लगेच कळतं. पोचा आला असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवावी. वाफेनं दबलेले तंतू वर येतात. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात सुकू देत. नळीचा निळसर काळा रंग म्हणजेही आवरलेला गंजच. पोलादावर बारीक लाल गंज आणायचा, उकळत्या पाण्यात त्याचा काळा ऑक्साइड करायचा, तारेच्या मऊ ब्रशनं घासायचं, पुन्हा तेच. दिवसचे दिवस जातात, पण तयार रंगाच्या बाटलीतून ती खोली येत नाही.

१९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत. पक्षी ते गिळून विषबाधेनं मरत, म्हणून हा कायदा मला योग्यच वाटतो. पण पोलादी छर्रे जुन्या, तोंडाशी घट्ट आवळलेल्या नळीला इजा करतात. त्यावर काही जण तोंड रुंद करून आत फिरकीचे आटे पाडून घेतात, आणि कारखान्यानं दिलेला चोक, म्हणजे तोंडाचा तो आवळा, कायमचा जातो. माझ्या मते चेंबर तपासून बिस्मथच्या छर्ऱ्यांची महाग काडतुसं घ्यावीत आणि नळी आहे तशी राहू द्यावी.