चंद्री आणि बंगळूरचा तुरुंग



चऱ्होलीहून आळंदी रस्त्याने पुण्याला निघालं की दिघी, विश्रांतवाडी आणि मग येरवडा. आणीबाणीत प्रमिलाताई दंडवते या येरवड्याच्या तुरुंगात होत्या. त्यांचे पती, राजापूरचे खासदार मधू दंडवते, तिकडे बंगळूरच्या तुरुंगात. नवरा-बायकोचा संसार पत्रांवर चालला होता.

बंगळूरच्या त्याच तुरुंगात एक नटी होती, स्नेहलता रेड्डी. आज तिच्याबद्दल सांगते.

१९७० साली ‘संस्कार’ नावाचा कानडी सिनेमा आला. तिचे पती पट्टाभिराम रेड्डी यांनीच काढलेला. त्यात ती चंद्री झाली होती. चंद्रीचा माणूस मरतो, अख्खा अग्रहार त्याला अग्नी कोणी द्यायचा म्हणून वाद घालत बसतो, आणि शेवटी सोय करते ती चंद्रीच. सेन्सॉरने आधी सिनेमा अडवला होता. पुढे त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला!

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांवर पोलिसांची नजर बसली. स्नेहलता त्यांची मैत्रीण, समाजवादी विचारांची. मे १९७६ मध्ये तिला उचललं. बडोदा डायनामाइट खटल्यात गोवायचं होतं म्हणे, पण आरोपपत्रात तिचं नावच आलं नाही. तरी सोडलं नाही. मिसा कायदा होता ना, त्यात खटला न चालवताही माणूस कोंडून ठेवता यायचा.

तिला दमा होता. आपल्या गटातल्या दोघीजणी पंप कमरेला खोचूनच मीटिंगला येतात. धाप लागली की पाच मिनिटं केवढी वाटतात, ते त्यांना विचारा. स्नेहलताने अशा आठ महिन्यांच्या रात्री काढल्या, धड उपचाराविना. रात्रीच्या शांततेत तिच्या किंकाळ्या आपल्या कोठडीपर्यंत ऐकू यायच्या, असं दंडवत्यांनी पुढे लिहून ठेवलंय.

आणि एवढ्यातही ती इतर बायांसाठी भांडत होती. त्या चोरीमारीत सापडलेल्या, गरीब, कोणी न विचारणाऱ्या. त्यांना होणारी मारहाण थांबावी, जेवण बरं मिळावं, म्हणून ती तुरुंगवाल्यांशी वाद घालायची. मला तिचं सिनेमातल्या कामापेक्षा हे काम मोठं वाटतं. स्वतःला श्वास पुरत नसताना दुसरीच्या ताटाकडे बघायचं!

१५ जानेवारी १९७७ ला तिला पॅरोलवर सोडलं, तब्येत पार ढासळल्यावर. पाचव्या दिवशी, २० तारखेला, ती गेली. आणीबाणी उठली मार्चमध्ये. तुरुंगात ती डायरी लिहायची. ती त्याच वर्षी छापून आली.