बाजूच्या खोलीतला महासागर

काही वर्षांपूर्वी गोव्यात एक सागरविज्ञान परिषद भरली होती. मी इतिहासाची विद्यार्थिनी, तिथं स्वयंसेवक. बॅज वाटायचे, माइक पोचवायचा, कुणाला कुठली खोली ते सांगायचं. मोठ्या सभागृहात स्लाइडमागून स्लाइड सरकत होत्या आणि मागच्या रांगा मोबाइलमध्ये होत्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र वरच्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत बारा-पंधरा जण दाटीवाटीनं बसले. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'साइड मीटिंग' लिहिलेलं. तासभर ते कशावरून तरी भांडले, पांढरा बोर्ड बाणांनी आणि आकड्यांनी भरून टाकला आणि निघून गेले. पुढच्या गटाला खोली हवी होती, म्हणून मी डस्टर घेऊन बोर्ड लख्ख पुसला. फोन खिशातच होता. फोटो काढावा हे डोक्यातही आलं नाही.

पुढे हिंदी महासागर मोहिमेबद्दल वाचायला लागले, तेव्हा ते डस्टर आठवून स्वतःचाच राग आला. कारण ही अख्खी मोहीम अशाच खोल्यांमधून जन्माला आली आहे.

1957चा ऑगस्ट. अमेरिकेतल्या वुड्स होल या किनाऱ्यावरच्या गावात 'स्कोर' नावाच्या नव्या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. अध्यक्ष होते रॉजर रेव्हेल. प्रश्न मोठे होते: अणुकचरा खोल समुद्रात टाकला तर काय होईल, समुद्रातून माणसाला किती अन्न मिळेल, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं समुद्र काय करतो. हे सगळं तपासायला एखादा समुद्र निवडायचा तर कुठला? ज्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती आहे तो. म्हणजे आपला. वर्षातून दोनदा वाऱ्याची दिशा उलटणारा असा दुसरा महासागर जगात नाही. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला ठाऊक असलेली ही गोष्ट मोजलेली मात्र जवळजवळ नव्हती.

दोन वर्षांनी, 31 ऑगस्ट ते 12 सप्टेंबर 1959, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत पहिली आंतरराष्ट्रीय सागरविज्ञान काँग्रेस भरली. शीतयुद्धाचे दिवस, तरी सोव्हिएत संशोधन जहाज 'मिखाईल लोमोनोसोव्ह' न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेलं. काँग्रेसची संयोजक होती मेरी सिअर्स ही प्लवकांची अभ्यासक. निबंधांचा जाडजूड ग्रंथ तिनंच संपादित केला. तो आजही ग्रंथालयांत मिळतो. लोकांच्या आठवणीत मात्र राहिला एक सिनेमा.

तो आणला होता जाक कुस्तोनं. त्याआधी मेरी थार्प या नकाशाकार बाईंनी खोलीच्या आकड्यांवरून दाखवून दिलं होतं की अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावर एक दरी. बायकांना तेव्हा संशोधन जहाजावर घेत नसत. आकडे पुरुष आणायचे, नकाशा त्या काढायच्या. त्यांचा सहकारी ब्रूस हीझन यानं ही दरी सुरुवातीला 'पोरींची बडबड' म्हणून उडवून लावली होती. कुस्तोलाही ती खोटी ठरवायची होती, म्हणून 'कॅलिप्सो' जहाजामागून त्यानं समुद्रतळावर कॅमेरा ओढत नेला. कॅमेऱ्यात दरीच आली! न्यूयॉर्कच्या त्या पडद्यावर काळे कडे सरकत गेले आणि कितीतरी शंकेखोर गप्प झाले. एका निबंधानं हे झालं असतं का, मला शंकाच आहे.

हिंदी महासागराची बोलणीही त्याच सुमाराला चालू होती, आणि सगळे खूश होते असं अजिबात नाही. हेन्री स्टोमेल हा त्या काळातला बहुधा सर्वांत तल्लख समुद्रशास्त्रज्ञ. इतकी जहाजं एका महासागरात पाठवून नेमकं काय शोधणार, असा त्याचा सवाल होता. त्यानं 'इंडियन ओशन बबल' नावाचं अनौपचारिक पत्रक काढलं. नावातच टोमणा: 1720मध्ये लंडनमध्ये फुटलेल्या 'साउथ सी बबल' या शेअरच्या फुग्याचा. पत्रकात टीका होती, थट्टा होती, टोपणनावं होती. आजच्या भाषेत सांगायचं तर परिषदेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मोहिमेचे गोडवे गाणाऱ्या अहवालांपेक्षा मला हे पत्रक जास्त आवडतं, कारण त्यात माणसं भांडताना दिसतात.

फुगा फुटला नाही. 1959 ते 1965 दरम्यान चाळीसहून अधिक जहाजं या पाण्यात फिरली. एक शिस्तबद्ध आराखडा मात्र कधीच झाला नाही. ज्याला जे हवं ते त्यानं मोजलं. म्हणजे स्टोमेल अगदीच चुकला नव्हता.

आणि इथंच त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कार्यशाळांची गरज पडली. प्रत्येक देशाचं जाळं वेगळं, मग एकाच्या बरणीतलं प्लवक दुसऱ्याच्या बरणीशी ताडून कसं बघणार? त्यावर 'इंडियन ओशन स्टँडर्ड नेट' ठरलं: तोंड एक चौरस मीटर, छिद्रं सुमारे 0.33 मिलिमीटर, 200 मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं. 1961च्या सप्टेंबरात होनोलुलूला सोव्हिएत 'वित्याझ', ऑस्ट्रेलियाचं 'गॅस्कॉइन' आणि इतरांनी एकाच पाण्यावर आपापल्या पद्धती चालवून बघितल्या. सगळे आकडे काही जुळले नाहीत. अशा गोष्टीची बातमी होत नाही, पण ही खटपट झाली नसती तर पुढचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेही कशाच्या जोरावर?

भारताच्या वाट्याला काय आलं? नौदलाची 'आयएनएस किस्तना' फ्रिगेट संशोधनाला निघाली. प्लवकांच्या बरण्या कोचीनच्या केंद्रात आल्या आणि तिथं सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या केल्या गेल्या. मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं, मुंबईहून उडालेली अमेरिकी विमानं अरबी समुद्रावरचे मोसमी वारे मोजू लागली. 'अँटन ब्रून' हे अमेरिकी जहाज 1963मध्ये मुंबईला आलं. तीच आधी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची 'विल्यम्सबर्ग' नौका. आणि 1 जानेवारी 1966 रोजी भारतीय कार्यक्रमाचे प्रमुख एन. के. पणिक्कर यांच्या संचालकत्वाखाली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. दोना पावलाला फिरायला गेलात तर वाटेत तिची पाटी दिसते.

दुसरी हिंदी महासागर मोहीमही 4 डिसेंबर 2015 रोजी गोव्यातच जाहीर झाली. तिची कागदपत्रं आहेत, फोटो आहेत, पीडीएफ आहेत.

बरण्या वेगळ्या करणाऱ्यांची नावं मात्र मला अजून नीट सापडलेली नाहीत. मेरी थार्प निदान नकाशावर आपलं नाव घालू शकल्या. त्या दुपारी बोर्डावर खालच्या कोपऱ्यात कुणीतरी तीन-चार नावं लिहिली होती, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. एक नाव मराठी होतं एवढं आठवतं. आडनाव 'कर'नं संपत होतं. पण गोव्यात त्यावरून माणूस शोधायचा म्हणजे झालंच.