एक धूळ, दोन न्याय

ब्रिटिश आरमाराच्या युद्धनौकांवर बाष्पनळ्यांची उष्णता बाहेर पडूं नये म्हणून त्यांभोंवतीं ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचें वेष्टन घालीत. दुरुस्तीसाठीं तें फोडलें कीं त्याची धूळ गोदींतील कामगार आणि नौकेवरील खलाशी या दोघांच्याहि फुप्फुसांत सारखीच शिरे. भेद केला तो कायद्यानें.

१९४७ च्या कायद्यानें ब्रिटिश प्रजेस सरकारवर नुकसानभरपाईची फिर्याद करण्याची मोकळीक मिळाली. परंतु त्याच्याच दहाव्या कलमानें सेवेंतील इजांबद्दल सैनिकांस ती नाकारली. गोदीच्या कामगारास न्यायालय, खलाशास केवळ पेन्शन! १९८७ मध्यें हें कलम स्थगित झालें, पण पूर्वींच्या इजांपुरतें तें कायमच राहिलें. या धुळीपासून होणारा मेसोथेलिओमा नामक कर्करोग तर बहुधा तीस-चाळीस वर्षांनीं प्रकट होतो. म्हणजे रोग आजचा, परंतु कायद्याच्या लेखीं इजा जुनी. १९५५ ते १९६८ पर्यंत आरमारांत नोकरी केलेल्या एका विद्युत्-कारागिराची फिर्याद २००३ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें याच कलमाच्या आधारें अग्राह्य ठरविली.

मेसोथेलिओमाचा रोगी निदानानंतर फार काळ जगत नाहीं. त्यास दरमहाच्या पेन्शनचा उपयोग किती? २०१६ पासून अशा माजी सैनिकांस १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय मिळाला. ही सोय योग्यच होय. तथापि ती सरकारच्या मर्जीनें मिळाली, हक्कानें नव्हे; आणि ज्यानें राष्ट्राची सेवा केली त्यासच न्यायालयाचें दार बंद असावें, हें आम्हांस अद्यापि उचित वाटत नाहीं.