मुंबईतील पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे वादक व संचालक

विसाव्या शतकात मुंबईतील पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद प्रामुख्याने पारशी आणि गोमंतकीय वादकांच्या बळावर उभे राहिले. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता १९५४ मध्ये शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले व पुढे जगविख्यात वाद्यवृंद-संचालक झाले. मेहलीही कालांतराने अमेरिकेत स्थायिक झाले.

गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळे. त्यामुळे गोमंतकीय वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी अपरिहार्य ठरले. उपजीविका चित्रपटात, सिंफनी मात्र हौसेपुरती, अशी त्यांतील अनेकांची स्थिती होती. माजोर्डा येथे जन्मलेले व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून भारतीय रागांना पाश्चात्त्य स्वरमेळाची जोड दिली. लता मंगेशकर व मन्ना डे या वाद्यवृंदासोबत गायले. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यातले नाव त्यांचेच. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. बहुसंख्य श्रोत्यांना मात्र ते नाव काल्पनिकच वाटत राहिले.

मोठा वादकसंच जमवणे कठीण असल्याने चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे मोजक्या व मुख्यतः तंतुवादकांचा वृंद, मुंबईला अधिक सोयीचा होता. जिनी दिनशॉ यांनी १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राची स्थापना केली. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा संगीत-दिग्दर्शक म्हणून कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह आले आणि बरेचसे वादकही परदेशातूनच आणावे लागले.